जुन्या मोटारींच्या पुनर्स्थापनेत सुकाणू यंत्रणेचे बदली भाग : वेळापूर परिसरातील जीपच्या अनुषंगाने एक विवेचन

गोषवारा : जुन्या मोटारीचे इंजिन, रंगकाम व बैठक यांच्या पुनर्स्थापनेवर बरेच लक्ष दिले जाते, सुकाणू यंत्रणेकडे मात्र ती नजरेआड असल्यामुळे तुलनेने दुर्लक्ष होते. वास्तविक वाहन, चालक व पादचारी या तिघांची सुरक्षितता याच यंत्रणेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात असलेल्या जीपच्या सुकाणू यंत्रणेची रचना, तिच्या झिजेची कारणे, बदली भागांचे प्रकार आणि मौलिकता व सुरक्षितता यांतील ताण यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पुनर्स्थापना, सुकाणू यंत्रणा, बदली भाग, जीप, यांत्रिक वारसा.

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव यादवकालीन अर्धनारीनटेश्वर मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा तेथे मुक्काम असतो. अशा प्राचीन वास्तूचा जीर्णोद्धार करताना कोणता दगड जपावा, कोणता बदलावा आणि बदललेला दगड मूळ दगडापासून वेगळा ओळखू यावा की नाही, हे प्रश्न अभ्यासकांसमोर नेहमी उभे राहतात. जुन्या मोटारीच्या बाबतीतही नेमके हेच प्रश्न निर्माण होतात. फरक एवढाच की, मंदिर एका जागी स्थिर असते, तर मोटार रस्त्यावर धावते. म्हणून मोटारीतील चुकीच्या निर्णयाची किंमत केवळ सौंदर्यदृष्टीला मोजावी लागत नाही. ती माणसाच्या जिवाला मोजावी लागू शकते.

माळशिरस तालुका हा ऊस व साखर कारखानदारीचा प्रदेश आहे. माळीनगर येथील सासवड माळी साखर कारखाना १९३० च्या दशकातील आहे. कच्चे रस्ते, पाटबंधाऱ्याच्या कडेच्या वाटा व शेतबांध यांवरून फिरण्यासाठी अशा प्रदेशात जीपइतके सोयीचे वाहन दुसरे नव्हते. आज यांतील काही जीपगाड्या गोठ्याशेजारी किंवा वाड्याच्या मागील अंगणात उभ्या असतात. घरातील पुढच्या पिढीला आजोबांची गाडी पुन्हा चालू करावीशी वाटते, तेव्हा इंजिन सुरू होणे ही पहिली पायरी ठरते. परंतु गाडी सुरू होणे आणि ती हवी त्या दिशेने वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. विवेचनाची उद्दिष्टे

(अ) जुन्या जीपमधील सुकाणू यंत्रणेची रचना व कार्य स्पष्ट करणे.
(आ) झीज कोठे व का होते याची कारणमीमांसा करणे.
(इ) बदली भागांच्या उपलब्ध पर्यायांची तुलना करणे.
(ई) मौलिकता व सुरक्षितता यांच्या संदर्भात निर्णयाचे निकष सुचविणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात सोलापूर जिल्ह्याचे नाव एका महत्त्वाच्या कारणाने येते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथे झाला. त्यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. प्रारंभी क्रायस्लर समूहाच्या व नंतर फियाटच्या सहकार्याने तेथे मोटारी तयार झाल्या. पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेलेली मोटार मुंबईच्या टॅक्सीचे प्रतीक बनली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टॅक्सी म्हणून तिची सेवा संपली.

जीपचा इतिहास याला समांतर आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून 'महिंद्र अँड महिंद्र' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी या नमुन्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने भारतात होऊ लागले. अमेरिकेत हा नमुना १९५३ मध्ये बाजारात आला होता. उंच इंजिन सामावून घेण्यासाठी त्याचे बॉनेट उंच केलेले असल्याने तो सहज ओळखता येतो. भारतात त्याचे उत्पादन दीर्घकाळ चालल्यामुळे त्याच्या भागांची परंपराही दीर्घ राहिली. याउलट दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपगाड्यांत सुकाणू चक्र डाव्या बाजूस असे. त्यामुळे दोन्ही गाड्या दिसावयास सारख्या असल्या तरी एकीची सुकाणू पेटी दुसरीस जशीच्या तशी बसेल असे गृहीत धरता येत नाही. पुनर्स्थापनेत होणारी पहिली चूक बहुधा येथेच होते.

४. सुकाणू यंत्रणेची रचना

चारचाकी घोडागाडीत पुढचा आस संपूर्णपणे मधल्या खुंटीवर वळतो. मोटारीत मात्र आस स्थिर राहतो आणि प्रत्येक चाक स्वतंत्र सांध्यावर वळते. वळणाच्या आतील बाजूचे चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनात वळावे लागते. अन्यथा टायर रस्त्यावर घासतात. या तत्त्वावरील रचनेचे एकस्व १८१८ मध्ये लंडन येथे रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले. तिची मूळ कल्पना म्युनिक येथील गाडीनिर्माता गेओर्ग लांकेन्स्पर्गर यांची होती. घोडागाडीसाठी निघालेली ही कल्पना आजच्या मोटारीतही टिकून आहे.

जुन्या विलीज जीपमध्ये 'रॉस' पद्धतीची सुकाणू पेटी असते. सुकाणू चक्राच्या नळीच्या खालच्या टोकाला सर्पिलाकार खाच असलेला एक दंडगोल बसविलेला असतो. त्यास कॅम म्हणतात. या खाचेत एका आखूड भुजेवरील निमुळत्या आकाराच्या दोन खुंट्या अडकलेल्या असतात. चक्र फिरविले की खाच फिरते, खुंट्या पुढे-मागे सरकतात व भुजेचा दांडा वळतो. या दांड्याच्या बाहेरच्या टोकावर ड्रॉप आर्म बसविलेला असतो. ड्रॉप आर्मची हालचाल ड्रॅग लिंकमार्फत पुढच्या भागातील बेल क्रँकपर्यंत जाते. बेल क्रँक ही हालचाल काटकोनात वळवून टायरॉडच्या द्वारे दोन्ही चाकांपर्यंत पोहोचविते.

या पेटीचे गुणोत्तर सुमारे १२ ते १४ ला १ असे असते. म्हणजे चाक एक अंश वळविण्यासाठी चक्र सुमारे बारा ते चौदा अंश फिरवावे लागते. यामुळे चालकाला कमी बळ लागते. परंतु याचा दुसरा अर्थ असा की, चाकाच्या बाजूला झालेली थोडीशी ढिलाई चक्रावर अनेक पटींनी मोठी होऊन जाणवते. दुव्यांच्या भुजांची लांबी सारखी धरल्यास चाकाजवळील अडीच अंशांची ढिलाई चक्रावर सुमारे तीस अंश होते.

तीस अंश हा आकडा येथे सहज घेतलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार सुकाणू चक्रावरील ढिलाई तीस अंशांहून अधिक असता कामा नये. सांध्यांचे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी संरक्षित असावेत आणि बोल्ट अथवा पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात, असेही हाच नियम सांगतो. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर तीस अंश म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरची मोकळी हालचाल होय. ही कायद्याने सांगितलेली कमाल मर्यादा आहे. उत्तम स्थितीचे ते लक्षण नव्हे.

५. झीज आणि तिचे निदान

चक्र सैल लागले की सुकाणू पेटीच खराब झाली, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात ढिलाई पेटीत, ड्रॅग लिंकच्या गोलाकार टोकांत, बेल क्रँकच्या खुंटीत, टायरॉडच्या टोकांत, चाकाच्या सांध्याच्या बेअरिंगमध्ये किंवा पेटी चौकटीला जोडणाऱ्या बोल्टांत अशा अनेक ठिकाणी असू शकते. बहुतेक वेळा ती या सर्व ठिकाणी थोडी थोडी साठलेली असते.

निदानाची पद्धत साधी आहे. गाडी सपाट जागी उभी करून एका व्यक्तीने चक्र दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते व दुसरी हलत नाही, तेथे झीज आहे. त्यानंतर पुढची चाके जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलविल्यास सांध्याच्या किंवा हबच्या बेअरिंगची, तर डावी-उजवीकडे हलविल्यास टायरॉडची ढिलाई कळते. विशिष्ट वेगाला पुढची चाके जोराने थरथरू लागणे हा दोष बहुधा सांध्यांच्या ढिलाईतून किंवा चाकांच्या असंतुलनातून येतो. केवळ पेटी बदलून तो जात नाही.

पेटीतील झीज समजून घेण्यासाठी तिच्या रचनेतील एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. कॅमवरील खाच मध्यभागी, म्हणजे चाके सरळ असताना, मुद्दाम कमी खोल ठेवलेली असते. त्यामुळे सरळ चालताना खुंट्या घट्ट बसतात व पूर्ण वळणाकडे जाताना थोडी मोकळीक राहते. गाडी बहुतांश काळ सरळच चालत असल्याने झीजही सर्वाधिक मध्यभागी होते. म्हणून पेटीच्या बाजूच्या झाकणावरील स्क्रूने ढिलाई काढताना चाके सरळ ठेवणे आवश्यक असते. चाके वळलेली असताना स्क्रू आवळल्यास मध्यभागी पेटी जखडते. मध्यभाग फारच झिजलेला असेल, तर तेथील ढिलाई जाईपर्यंत स्क्रू आवळल्यास पेटी टोकांकडे जखडू लागते. या अवस्थेत जुळवणीचा मार्ग संपतो आणि बदली भागांचा विचार अपरिहार्य ठरतो. तेव्हाही केवळ खुंट्या असलेली भुजा बदलून चालत नाही. झिजलेल्या खाचेत नव्या खुंट्या लवकरच झिजतात. म्हणून कॅम व भुजा ही जोडी एकत्र बदलणे इष्ट होय.

झिजेचे आणखी एक कारण वंगणाशी संबंधित आहे. जुन्या पेटीतून तेल गळू लागले की त्यात घट्ट ग्रीस भरण्याचा उपाय सर्रास केला जातो. गळती थांबते, पण घट्ट ग्रीस खाचेतून एकदा बाजूला सरले की पुन्हा खाचेत येत नाही आणि कॅम कोरडा चालतो. गळतीचे मूळ असलेली सील बदलून योग्य वंगण भरणे हा स्वस्त व टिकाऊ उपाय आहे.

६. बदली भागांचे प्रकार

बदली भाग सामान्यतः पुढील चार प्रकारांत मिळतात.

(१) न वापरलेला जुना साठा : मूळ काळात कारखान्यात तयार झालेले, परंतु कधीच न वापरलेले भाग. पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाउस परिसर किंवा दिल्लीतील काश्मिरी गेट येथील सुट्या भागांच्या बाजारपेठांत शोध घेणारे पुनर्स्थापक अशाच साठ्याच्या मागावर असतात. मौलिकतेच्या दृष्टीने हा पर्याय सर्वोत्तम आहे. मात्र दीर्घकाळ पडून राहिलेले रबर व सील कडक झालेले असतात. ते नवेच घालावे लागतात.

(२) दुसऱ्या गाडीतून काढलेले भाग : कुर्ल्यातील भंगार बाजार यासाठी परिचित आहे. असा भाग मूळचा असतो, पण त्याचा पूर्वेतिहास अज्ञात असतो. अपघातात वाकून पुन्हा सरळ केलेला ड्रॉप आर्म बाहेरून निर्दोष दिसू शकतो. म्हणून अशा भागाची भेगांसाठी तपासणी अत्यावश्यक ठरते. रंगद्रव झिरपवून केलेली किंवा चुंबकीय कणांची तपासणी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांच्याही आवाक्यातील आहे.

(३) नव्याने बनविलेले तद्रूप भाग : जीपच्या भागांचे उत्पादन आजही देशात व परदेशांत होते. टायरॉडची टोके, बुश, बेअरिंग व सील यांसाठी हा पर्याय व्यवहार्य आहे. त्यांची गुणवत्ता मात्र एकसारखी नसते.

(४) स्थानिक कार्यशाळेत घडविलेले भाग : गावातील कुशल कारागीर लेथवर बुश, चकती, खुंटी किंवा झाकण तयार करून देतो. हे कौशल्य मौल्यवान आहे व अनेक गाड्या त्यामुळेच जिवंत राहिल्या आहेत. तथापि येथे मर्यादा ओळखणे आवश्यक आहे.

ही मर्यादा धातुशास्त्राची आहे. ड्रॉप आर्म किंवा चाकाची सुकाणू भुजा हे भाग घडाईने बनविलेले असतात. तापविलेला धातू साच्यात ठोकल्याने त्यातील कणरचना भागाच्या आकाराप्रमाणे वळते व त्याला ताकद येते. पोलादी पट्टी कापून तयार केलेला तसाच आकार हे बळ देऊ शकत नाही. कॅम व खुंट्या यांचा पृष्ठभाग उष्णतेच्या प्रक्रियेने कठीण केलेला असतो आणि गाभा मात्र चिवट ठेवलेला असतो. साध्या मऊ पोलादाची खुंटी मापात तंतोतंत असली तरी थोड्याच काळात झिजते; संपूर्ण कठीण केलेली खुंटी आघाताने तुटू शकते. झिजलेल्या भागावर वेल्डिंगचा थर चढविल्यास त्यावरील उष्मप्रक्रिया नष्ट होते. म्हणून सुकाणूच्या भार वाहणाऱ्या भागांना वेल्डिंग करणे किंवा तापवून वाकविणे कटाक्षाने टाळावे. बुश, चकत्या व झाकणे स्थानिक पातळीवर अवश्य करावीत. ड्रॉप आर्म, सुकाणू भुजा व बॉल जॉइंट मात्र खात्रीच्या उगमाचेच घ्यावेत.

७. आट्यांचा प्रश्न

बदली भाग निवडताना आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अमेरिकी जीपचे आटे इंच मापाचे व साठ अंश कोनाचे असतात. जुन्या ब्रिटिश मोटारींत पंचावन्न अंश कोनाचे व्हिटवर्थ पद्धतीचे आटे आढळतात, तर फियाट वंशाच्या मोटारींत मेट्रिक आटे असतात. अमेरिकी जाड आटे व व्हिटवर्थ आटे यांची इंचामागील संख्या अनेक मापांत सारखी असल्याने एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढतो. नट चढला म्हणजे तो बसला असे होत नाही. आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत, भार थोड्या भागावर येतो व सततच्या हादऱ्यांनी सांधा सैल होतो. भारतात १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धतीचा क्रमाने स्वीकार झाला. त्यामुळे आजच्या दुकानात इंच मापाचा योग्य नट सहज मिळेलच असे नाही. 'जवळचा' मेट्रिक नट ठोकून बसविण्याचा मोह येथे घातक ठरतो.

टायरॉडच्या दोन टोकांवरील आटे परस्परविरुद्ध दिशांचे असतात. नळी फिरविली की दोन्ही टोके एकाच वेळी आत किंवा बाहेर जातात व चाकांची पुढील जुळवणी साधते. बॉल जॉइंटच्या निमुळत्या दांड्याचा उतार दोन्ही भागांत एकच असावा लागतो. खाचांचा नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे छिद्र जुळले नाही, तर नट सैल करू नये. पुढील खाचेपर्यंत आवळावा. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी वापरावी. तिचे मूल्य नगण्य आहे, पण ती नसल्यास होणारी हानी भरून येत नाही.

८. मौलिकता आणि सुरक्षितता

पुनर्स्थापकांपुढील सर्वांत अवघड प्रश्न हा की, मूळ सुकाणू पेटी दुरुस्त करावी की ती काढून नंतरच्या काळातील पेटी किंवा पॉवर स्टेअरिंग बसवावे? दुसरा मार्ग सोपा असतो, चालविण्यास सुखद असतो आणि अनेकदा स्वस्तही पडतो.

या संदर्भात दोन प्रकारचे मानदंड उपलब्ध आहेत. पहिला कायद्याचा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी फेररचना झालेली नसावी, अशी अट आहे. अशा वाहनास 'व्हीए' अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळतो व ते नित्य वाहतुकीसाठी वापरता येत नाही. सुकाणू यंत्रणेचा या अटीत स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि पॉवर स्टेअरिंग बसविण्यासाठी चासी कापावी लागली, तर तो बदल थेट चासीतील बदल ठरतो. झिजलेल्या पेटीत त्याच जातीचा कॅम घालणे मात्र दुरुस्तीच होय.

दुसरा मानदंड वारसाजतनाचा आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये 'तुरिन सनद' संमत केली. वास्तुवारशासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून तिने प्रेरणा घेतली आहे. वाहनात शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, केलेला बदल पूर्ववत करता येण्याजोगा असावा व त्याची लेखी नोंद राहावी, असे या विचाराचे सार आहे. ज्या तत्त्वाने प्राचीन मंदिराचा दगड जपावा, त्याच तत्त्वाने जीपचा मूळ भाग जपावा, हे नाते येथे स्पष्ट होते.

परंतु वाहनाच्या बाबतीत या तत्त्वाला एक अपवाद मानावा लागतो. भेग गेलेला ड्रॉप आर्म 'मूळचा आहे' म्हणून गाडीत ठेवणे म्हणजे जतन नव्हे. पालखीच्या दिवसांत वेळापूरच्या रस्त्यावरून लक्षावधी वारकरी पायी चालतात. अशा रस्त्यावर येणाऱ्या गाडीचा सुकाणू सांधा तुटला, तर मौलिकतेचा कोणताही युक्तिवाद टिकत नाही. असा भाग काढून त्यावर चिठ्ठी लावून जपून ठेवावा आणि गाडीत सुरक्षित बदली भाग बसवावा. गाडी केवळ प्रदर्शनासाठी असेल, तर झिजलेला मूळ भाग तीत राहू शकतो. ती रस्त्यावर येणार असेल, तर नाही. वाहनाचा हेतू आधी निश्चित करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

या सर्व विवेचनावरून निर्णयाचा क्रम असा मांडता येतो : प्रथम निदान, नंतर स्वच्छता व वंगण, त्यानंतर जुळवणी, मग सील, बुश व बेअरिंग यांची बदली, त्यापुढे कॅम-भुजेची जोडी आणि अगदी शेवटी संपूर्ण पेटीची बदली. प्रत्येक टप्प्यावर मापे व छायाचित्रे यांची नोंद ठेवावी.

९. निष्कर्ष

(१) सुकाणूतील ढिलाई ही बहुधा अनेक सांध्यांची बेरीज असते. निदानाशिवाय भाग बदलणे हा अपव्यय आहे.
(२) बदली भागाचे माप जुळणे पुरेसे नाही. त्याचा धातू, उष्मप्रक्रिया व आटेही जुळले पाहिजेत.
(३) स्थानिक कारागिरी बुश व चकत्यांसाठी उपयुक्त आहे. भार वाहणाऱ्या घडीव भागांसाठी ती पुरेशी नाही.
(४) रस्त्यावर येणाऱ्या वाहनात सुरक्षितता प्रथम असावी. काढलेला मूळ भाग मात्र नष्ट करू नये.

१०. समारोप

ग्रामीण भागातील जुन्या जीपच्या दुरुस्तीचे ज्ञान पुस्तकांत फारसे नाही. ते वयोवृद्ध मिस्त्रींच्या हातांत आहे. कोणत्या गाडीचे कोणते बेअरिंग कोणत्या ट्रॅक्टरमध्ये सापडते, कोणत्या आवाजावरून बेल क्रँक सैल झाल्याचे ओळखावे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. हे हात थांबले की ते ज्ञानही थांबेल. तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी झिजलेल्या भागांची मापे घेऊन आराखडे तयार करणे, महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र व अभियांत्रिकीच्या विभागांनी धातूतपासणीस साहाय्य करणे आणि इतिहास विभागांनी या कारागिरांच्या मुलाखती नोंदविणे, असा आंतरविद्याशाखीय उपक्रम कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी अल्प खर्चात होऊ शकतो. आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर येण्यात केवळ हौस नाही. एका प्रदेशाच्या कष्टाचा, शेतीचा व हस्तकौशल्याचा तो चालता-बोलता दस्तऐवज आहे, आणि तो सरळ रेषेत चालावा याची जबाबदारी त्याला जपणाऱ्यांवर आहे.